संडासाच्या अंगचा बांबू

"माझाच बांबू, आन माझ्याच दारात ठोकतूस व्हय रं मुडद्या?"

गोदाक्का कमरेवर हात ठेवून ओरडत होती आणि पालिकेची माणसं ऐकू न आल्यासारखं करून तिच्याच ढिगातले बांबू उचलत होती. लग्नसराईसाठी आणलेले बांबू ते. सुपं, दुरड्या, रुखवतातल्या परड्या, सगळं त्यातनं व्हायचं होतं. कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. गावात कुठं संशय आला की आधी बांबू ठोकायचे आणि मग विचार करायचा, अशी रीतच पडली होती. आणि बंद करायची होती बुरूड आळी, तर बांबू लांबनं कशाला आणा, असं पालिकेला वाटलं असावं.

"आक्का, पावती मिळंल," मुकादम म्हणाला.

"पावतीची काय सुपं विणू? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणत्यात, ते हेच बघ. आमच्याच बांबूनं आमालाच कोंडा!"

मी जरा बाजूला उभी होते. हातात निळी थंड पेटी, अंगात प्लास्टिकचा पायघोळ झगा, तोंडाला मास्क, त्यावर काच. एप्रिलच्या उन्हात आतल्या आत उकडून निघत होते. गावाचं नाव मी सांगणार नाही. आमच्या भागातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथली शहाणी माणसं आजही वकील घेऊन माझ्या दारात येतील.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. माणसाला ताप-खोकला सुरू व्हायच्या आधीच त्याच्या शौचातनं विषाणू बाहेर पडायला लागतो. तो गटाराच्या पाण्यात सापडतो. म्हणजे घरोघर जाऊन नाकात काड्या घालत बसण्यापेक्षा गटाराचं पाणी तपासलं, तर साथ कुठल्या भागात शिरतेय ते आधी कळतं आणि माणसं वाचवता येतात. शहरातल्या एका संस्थेनं हे संशोधन हाती घेतलं होतं. त्याचे प्रमुख डॉक्टर कुलथे, आणि गावात राहून नमुने गोळा करणारी मी, ज्योत्स्ना कुरणे. चेंबरचं झाकण उघडायचं, दोरीला बाटली बांधून खाली सोडायची, भरली की वर ओढायची आणि पेटीत घालून लॅबला पाठवायची. मी दिसले की लोक नाक धरून गल्ली बदलायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. शास्त्र चांगलं होतं, आजही मी चांगलंच म्हणते.

तर बुरूड आळीच्या तोंडाशी एक चेंबर आहे. त्यातलं पाणी लागोपाठ वाईट आलं. डॉक्टरांनी नकाशात आळीवर लाल ठिपका दिला, नकाशा तहसीलदारांकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू आले. तपासणीची किट गावात संपली होती, त्यामुळे आळीतल्या एकाही माणसाची तपासणी झाली नव्हती. ठिपक्यावरच सगळं भागलं.

"हीच ती!" गोदाक्कानं माझ्याकडे बोट केलं. "गुवाची मास्तरीण! हिनंच आमच्या दारातलं झाकण उघडून सरकारला चुगली केली."

आळीतल्या बायका एवढ्या संतापातही खो खो हसल्या. मलाही हसू आलं, पण काचेमुळे ते कुणाला दिसलं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी मला लागली. फिरतीवर काम करणाऱ्या बायकांना यातलं काही समजावून सांगायला नको. झगा काढायचा ताप नको म्हणून सकाळपासून पाणी पीत नव्हते, तरी व्हायचं ते झालंच. मी बांबूंजवळ गेले आणि हळूच करंगळी वर केली.

"आक्का, जरा तुमच्याकडे जाऊन येऊ का?"

"आमच्याकडं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मागं वळून ओरडली, "छबे, ऐकलंस का गं? बाईला आपल्याकडं जायाचंय!"

छबी म्हणजे तिची सून. उंबऱ्यावर चौकटीला टेकून बसली होती. नववा लागलेला, पोट चांगलंच पुढं आलेलं. ती ओशाळून म्हणाली, "ताई, आमच्यात न्हाई. आळीत कुणाच्यातच न्हाई. तिकडं हाय बघा, सरकारी." तिनं हात केला तो आळीच्या दुसऱ्या तोंडाकडे, तिथल्या बांबूंच्या पलीकडे, रस्त्याच्या त्या अंगाला. पालिकेचा जुना सार्वजनिक संडास होता तिथं.

"कुणाच्यातच नाही म्हणजे?"

"म्हंजे न्हाई," गोदाक्का म्हणाली. "गटार आलं तवा आमच्या आळीखालनं पाइप न्हेला, वर रस्ता केला, फीत कापली, पेढं खाल्लं. घरं मागनं जोडतो म्हणालं. माझा मालक अर्ज दिऊन दिऊन म्हातारा झाला आन मेला. तुझ्या त्या झाकणात आमचं काय बी जात न्हाई बाई. पावसाचं पाणी गेलं तर गेलं."

शिपायानं बांबू वर उचलून मला पलीकडे जाऊ दिलं. त्या संडासाला मागं स्वतःची टाकी होती, गटाराशी त्याचा काही संबंध नव्हता, हे मी स्वतः जाऊन बघितलं. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. संशोधन-बिंशोधन काही नाही. मला लागली म्हणून कळलं. आळीतल्या एकाही घराचा थेंब त्या चेंबरात पडत नव्हता. मग बाटलीत आलं ते कुणाचं?

परत आले तर गोदाक्का बांबूला धरून उभीच होती. आता आवाज खाली आला होता.

"तुला बांबू उचलून दिला. आमी कुठं जायाचं गं?"

मी तिच्या खांद्यावरनं मागं बघितलं. आळीच्या मागं नाला होता. दगडमातीचा राडारोडा टाकून टाकून त्याचा उतार पार घसरडा झालेला.

"हे बघ मास्तरणी," ती म्हणाली. "धान्य नको मला, तुमच्या गोळ्या नको. तेवढा संडासाच्या अंगचा बांबू काढायला सांग. माझं काय, मी म्हातारी कुठंबी बसंन. पर ही पोर दिवस भरल्याली. नाल्यात उतरून काय झालं म्हंजे? आधीचं एक गेलंय तिचं."

"सांगते आक्का. आजच सांगते."

"तुझ्या तोंडात साखर पडू," ती म्हणाली, आणि छबीला आत नेऊन निजवायला निघून गेली.

डॉक्टर कुलथे सरकारी विश्रामगृहात उतरले होते. माणूस मृदू. आवाज कधी चढला नाही, कुणाला कधी अरे-तुरे केलं नाही. मी गेले तसा त्यांनी स्वतः उठून मला पंख्याखालची खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

"सर, बुरूड आळीत एकाही घरात संडास नाही."

"असं कसं होईल? पालिकेच्या नकाशात सगळी घरं गटाराला जोडलेली आहेत."

"नकाशात जोडलीत. आळीत नाही. मी डोळ्यांनी बघून आले."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुमचं म्हणणं, हे पाणी वरून येतंय?"

"विद्यानगरातून. पाइप तिथूनच खाली उतरतो. आपण आधी तिथंच झाकण शोधत होतो, आठवतंय? सापडलं नाही म्हणून खालचं उघडलं. आणि झाकण ज्याच्या दारात, त्याचंच नाव बाटलीवर घातलं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. हुशार माणूस, एका वाक्यात सगळं समजला. समजला नसता तर मला इतका राग आला नसता. माणूस अडाणी असेल तर त्याला समजावता येतं.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले, "काल जिल्ह्याच्या बैठकीत आपला नकाशा पडद्यावर लावला होता. सगळ्यांनी वाखाणला. आता मी उठून सांगू, की त्यातला एक ठिपका चुकला? मग बाकीच्या ठिपक्यांवर कोण विश्वास ठेवेल? सगळी पद्धतच मोडीत निघेल. या पद्धतीनं उद्या हजारो माणसं वाचणार आहेत, हे तुम्हालाही पटतंय."

"पटतंय सर. पण आजचं काय?"

"आज थोडी गैरसोय होईल."

"गैरसोय म्हणजे दिवस भरलेल्या पोरीनं नाल्यात उतरायचं."

त्यांचा चेहरा खरंच कसनुसा झाला. ते दुष्ट नव्हते हो! दुष्ट असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी मोकळेपणानं घातल्या असत्या. "मी तहसीलदारांशी बोलतो," ते म्हणाले. "त्या एका बाजूचं बघायला सांगतो. आणि तुम्ही विद्यानगरातला नमुना आणा. पुरावा आणा, मग ठिपका हलवू."

मला तेवढ्यानंही हुरूप आला. चहा गार झाला होता तो मी एका घोटात संपवला आणि उठले.

विद्यानगर म्हणजे टेकाडावरची वसाहत. प्राध्यापक, वकील, निवृत्त अधिकारी. प्रत्येक फाटकावर पितळी पाटी. आमचं हरवलेलं झाकण मला तिथं लगेच सापडलं, म्हणजे ते कुठं गाडलंय हे सापडलं. प्राचार्य माळवदे सरांनी फाटकापुढचा रस्त्याचा तुकडाही आपल्यातच धरून त्यावर लालचुटूक फरशी बसवली होती, आणि झाकण त्या फरशीखाली होतं. फाटकाला झेंडूची तोरणं सुकलेली होती. अंगणात मांडवाचे खांब अजून तसेच उभे होते.

सर फाटकाच्या आतनंच बोलले. आधी माझ्या दोन्ही हातांवर सॅनिटायझर उडवला.

"वास यायचा हो फार. म्हणून फरशी घातली," ते म्हणाले.

"सर, तेवढी एक फरशी काढावी लागेल. नमुना घ्यायचाय."

"आत्ता? परवाच मुलीचा साखरपुडा झाला. पाहुणे अजून घरात आहेत. फरशी काय फोडताय!"

घरात कुणीतरी खोकलं. पाठोपाठ दुसरं कुणीतरी खोकलं, आणि आतनं बाईचा आवाज आला, "अहो, काढा निवतोय!"

"सर, खोकला कुणाला आहे?"

"एसीचा आहे तो."

"सर, मी हात जोडते. खालच्या चेंबरात जे सापडलं ते तुमच्या वसाहतीतलं आहे. सगळ्यांनी तपासून घ्या, पाहुण्यांना कुठं पाठवू नका."

त्यांचा चेहरा आक्रसला. "बाई, इथं शिकलेली माणसं राहतात. जिथं घाण आहे तिथं बघा आधी. नकाशा आम्हीही पाहिलाय, लाल ठिपका बुरूड आळीवर आहे. लेखी आदेश आणा आणि मग फरशीला हात लावा."

मी मुक्कामाला पोचायच्या आत माझ्याबद्दलची तक्रार डॉक्टरांपर्यंत पोचली होती. "विद्यानगरात तूर्त जाऊ नका," ते फोनवर म्हणाले, तितक्याच मऊ आवाजात.

"मग पुरावा कुठून आणू?"

"बघू," ते म्हणाले.

मी संस्थेला पत्र लिहिलं, तहसील कचेरीत जाऊन बसले, पालिकेच्या अभियंत्याला गाठलं. प्रत्येकानं मला पालिकेचा गटारांचा नकाशा दाखवला. हसावं का रडावं कळेना. ज्या नकाशानं आळीत खोटे संडास बांधले होते, तोच नकाशा मला जो तो उघडून दाखवत होता.

पुढच्या नमुन्याला आळीत गेले तर बांबू तसेच. दोन्ही तोंडांना शिपाई. मला वाटलं गोदाक्का आता माझी सालटी काढणार. पण ती खुशीत होती.

"ये मास्तरणी, तुला सिंहासन दावते!"

तिनं बांबूची एक खुर्ची केली होती. बुटकी, भक्कम, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, आणि बैठकीच्या मधोमध गोल भोक. भोकाखाली एक घट्ट विणीची पाटी, आतनं प्लास्टिक लावलेलं, तळाला चुलीतली राख.

"छबी आतल्या खोलीत हिच्यावर बसती, राणीसारखी. मी उजाडायच्या आत पाटी नाल्यावर रिकामी करून येती. कसं हाय?"

छबीनं पदरात तोंड लपवलं. "आत्ती, सगळ्यांस्नी काय सांगत बसताय!"

"का? लाजायला काय झालं? सासू सुनंचं धुतीया, उलटी गंगा हाय, बघू दे की लोकांला!"

"आक्का, तुमचे गुडघे," मी म्हणाले. दोन्ही गुडघे सुजलेले होते, ती चालताना बदकासारखी हलायची.

"गुडघं हायती तवर हायती. नातवंड आलं की बसनच की पाय पसरून."

माझा संयम त्या क्षणी सुटला. मी थंड पेटी खाली ठेवली, बाहेरनं वळसा घालून आळीचं दुसरं तोंड गाठलं आणि संडासाच्या अंगाचा आडवा बांबू सोडायला लागले. गोदाक्का लगबगीनं आली आणि आतल्या बाजूनं गाठ ओढायला लागली. बांधणारे पालिकेचे होते, गाठ कच्ची होती. तिनं दोन बोटांत सोडवली. बांबू सुटला आणि बायका बादल्या घेऊन धावत आल्या. तेवढ्यात शिपाई शिट्टी फुंकत आला.

"मॅडम, तुमच्यावर गुन्हा दाखल करू का? साथ पसरवताय तुम्ही!"

"साथ इथं नाहीच! वर आहे, विद्यानगरात!"

"वरच्यांचा ठिपका दाखवा," तो म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. त्याला ठिपका बघून उभं केलं होतं. त्यानं बायकांना मागं सारलं आणि या खेपेला बांबू तारेनं आवळला. मला रडूच फुटलं. काचेच्या आत डोळे पुसताही येईनात.

"ए येडे, रडतीस कशाला?" गोदाक्का पलीकडून म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काय आजचं हाय व्हय? गू दुसऱ्याचा, रोग दुसऱ्याचा, बांबू तेवढा आमचा. जा, पाणी पी जरा. आन पाणी पिलीस म्हंजे पुन्हा लागंल, ते बी ध्यानात ठेव."

त्यानंतर मी आळीत गेले तेव्हा कुणी ओरडलं नाही. आळी एवढी गप्प कधी नसायची. छबी बांबूजवळ येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले.

"आत्ती पडल्या," ती म्हणाली. "सकाळी पाटी घिऊन गेल्या, उतारावरनं पाय निसटला. खुबा मोडला. गाडी आली आन घिऊन गेली. आमाला कुणाला बरूबर जाऊ दिलं न्हाई."

मी तडक दवाखान्यात गेले. खुबा मोडलेली बाई हाडांच्या खोलीत असेल म्हणून शोधत बसले. ती तिथं नव्हती. तिला कोरोनाच्या कक्षात टाकलं होतं.

"पत्ता बुरूड आळी आहे ना?" तिथला डॉक्टर म्हणाला. "मग इकडेच."

"तिची तपासणी केली का?"

"किट कुठं आहेत मॅडम? ठिपका आहे तेवढा पुरे आहे. तुमच्याच संस्थेचा आहे."

मी संस्थेची, त्यामुळे झगा घालून मला आत जाऊ दिलं. खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसांच्या मधोमध गोदाक्का उताणी पडली होती. पाय तसाच वाकडा. हाडाचा डॉक्टर त्या कक्षात पाय ठेवायला तयार नव्हता. तिनं मला काचेतूनही ओळखलं.

"मास्तरणी, पाटी कोण उचलतंय गं आता?"

"दत्तू उचलतो," मी थाप मारली. दत्तू तिचा मुलगा.

"तो? त्याला सुपारी उचलाय सांगितली तर सांडंल," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण कळ आली. मग माझा हात धरून म्हणाली, "बांबू काढला का गं त्यो?"

"काढतायत आक्का."

"लबाड," ती म्हणाली. पण हात सोडला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ती गेली. खुब्यानं गेली, की त्या कक्षात तिला खरोखरच लागण झाली, की नुसती तहानेनं आणि कळांनी गेली, कुणी बघितलं नाही. कोरोनात धरली. गावात कुणीही मेलं की तिरडीचा बांबू बुरूड आळीतनं जातो, पिढ्यान्पिढ्या जातो. गोदाक्कानं किती जणांचे बांबू काढून दिले असतील! दत्तू दोन हिरवे बांबू खांद्यावर घेऊन तारेनं आवळलेल्या बांबूंच्या आत उभा होता, आणि तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून कचऱ्याच्या ट्रॉलीतनं आळीवरनं पुढं नेलं. तो शिपायाला एवढंच म्हणत होता, "हे तेवढं घालू द्या की तिच्याखाली. काढलंच हायती तिच्यासाठी." मी ते बघितलं. अजून विसरता येत नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

मग किट आली. आळीतल्या झाडून सगळ्यांची तपासणी झाली. एकालाही रोग नव्हता. बांबू निघाले. छबी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली.

आणि विद्यानगरात मोटारी निघाल्या, एकामागून एक, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांकडे. जे वाचले ते परत आले. माळवदे सर गेले, त्यांचे व्याही गेले, शेजारचे वकील गेले. मृत्यू सगळे शहराच्या नावावर लागले, त्यामुळे आमच्या नकाशावर विद्यानगर शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. मला माळवदे सरांचा संताप आला होता, पण ते गेल्याचं ऐकलं तेव्हा त्या रागाचं काही उरलं नाही. त्यांच्याच दारातलं पाणी त्यांना आधी सांगत होतं. ठिपका योग्य जागी पडला असता, तर त्या माणसानं तो ऐकला असता. ठिपक्यावर त्यांचा विश्वास होता.

पावसाळ्यानंतर संस्थेच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. पाहुणे बाहेरून आलेले, पहिल्या रांगेत अधिकारी. डॉक्टर कुलथेंनी पडद्यावर आमचं गाव लावलं. बुरूड आळीवर लाल ठिपका.

"ही आमच्या पद्धतीची सर्वांत बोलकी जागा," ते म्हणाले. "एकही रुग्ण समोर आलेला नसताना पाण्यानं इशारा दिला. वस्ती वेळीच बंद केली. नंतर सगळ्यांची तपासणी केली, तेव्हा एकही बाधित सापडला नाही. मृत्यू फक्त एक."

टाळ्या पडल्या. मी उठून उभी राहिले. 

"सर, त्या आळीत संडास किती आहेत?"

 डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षण मला वाटलं, आता सांगतील. त्यांच्या ओठांवर आलं होतं, मी शपथेवर सांगते. मग ते हसले.

"या ज्योत्स्ना कुरणे, आमच्या सर्वांत तळमळीच्या सहकारी. स्वच्छतेचा फार महत्त्वाचा मुद्दा त्यांनी मांडला. पुढच्या टप्प्यात आपण तो जरूर घेऊ."

पुन्हा टाळ्या पडल्या. या खेपेला माझ्यासाठी. त्या आवाजात मी "एकही नाही! एकही नाही!" असं दोनदा ओरडले, ते शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. नोकरी मी त्याच दिवशी सोडली. लोक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. घेतलं तर घेतलं.

आळीत पुन्हा जायचा मला धीर होत नव्हता. गेल्या वर्षी गेले. छबीनं लगेच ओळखलं, आत बसवलं, चहा केला. तिची लेक शाळेत जाते आता. बोलते आजीसारखीच, मला म्हणाली, "तूच व्हय ती गुवाची मास्तरीण?" आम्ही दोघी खूप हसलो. मग छबी पदरानं डोळे टिपायला लागली.

अंगणात दत्तू खुर्च्या बांधत बसला होता. बुटक्या, भक्कम, दोन्ही बाजूंना दांड्या, मधोमध गोल भोक. पाच-सहा तयार होऊन भिंतीला लागल्या होत्या.

"आक्काच्या खुर्च्या म्हणत्यात यास्नी," छबी म्हणाली. "लई मागणी हाय. विद्यानगरातनं जास्त. म्हाताऱ्या माणसांचं गुडघं धरत्यात, खाली बसाय येत न्हाई. संडासात भांड्यावर ठिवायची आन बसायचं. आत्ती असत्या तर..." 

"तुझ्याकडे ठेवलीस का एक?"

"आमच्यात कुठं ठिवू ताई? भांडं कुठं हाय?"

 "अजून नाही? अगं, मधी योजना आली होती की. घरटी संडास देत होते."

"आली हुती. मी सवता गेलते पालिकेत, अर्ज घिऊन. सायबानं कंप्युटरात बघितलं आन अर्ज माघारी दिला. म्हणाला, तुमच्यात संडास हायती. मी म्हटलं, चला दावा मला. तर त्यानं एक छापील पुस्तक काढलं, तुमच्या त्या डॉक्टरांचं. म्हणाला, हे बघा, तुमच्याच आळीच्या गटारात कोरोना सापडला हुता. संडास न्हवता, तर सापडला कुठनं?"

मी कप खाली ठेवला. छबी उठली. लेकीला लागली होती. कोपऱ्यातली बादली भरून घेऊन दोघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.